‘सेकंड’ला ॲडजेक्टिव्ह म्हटलं तर मार्क कापायचा का?

मानेवाड्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात:

“मी घरी सहावी ते आठवीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. स्टेट बोर्डाची आणि सीबीएसईची मुलं एकाच बॅचला बसतात. मागच्या आठवड्यात वर्कशीटमध्ये ‘शी वन द सेकंड प्राइझ’ असं वाक्य होतं आणि ‘सेकंड’चा पार्ट ऑफ स्पीच विचारला होता. मी ॲडजेक्टिव्ह सांगितलं. संध्याकाळी एका मुलाच्या वडिलांनी ग्रुपवर लिहिलं, हे चूक आहे, तो डिटरमिनर आहे, म्हणजे ‘द’, ‘माय’सारखा नाउनच्या आधी येणारा शब्द. लगेच एका आईनं मोबाइलमधल्या डिक्शनरीचा फोटो टाकला, त्यात ‘ऑर्डिनल नंबर’ लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी बॅचमधली एक पोरगी म्हणाली, ‘मॅडम, ही केम सेकंड, यात तर पुढं नाउनच नाही. मग काहून ॲडजेक्टिव्ह म्हणायचं?’ मला उत्तर देता आलं नाही. ते वडील आता मुलाला काढून घेण्याची भाषा करून राहिले. मी नेमकं काय शिकवू? आणि जाता जाता, ‘फर्स्ट’ लिहायचं की ‘फर्स्टली’?”

ताई,

तुमचं उत्तर बरोबर होतं. त्या वडिलांचंही चूक नव्हतं, आणि डिक्शनरीचा फोटो टाकणाऱ्या आईचंही. तिघांनी तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि ग्रुपवर ती एकमेकांवर आदळली. खरा अवघड प्रश्न त्या पोरीनं विचारला आहे. त्याच्याकडे सावकाश येतो, कारण तिथंच या सगळ्याची किल्ली आहे.

आधी डिक्शनरीचं मिटवू. ‘ऑर्डिनल नंबर’ हा अर्थावरून पाडलेला गट आहे. फर्स्ट, सेकंड, टेन्थ, हंड्रेड्थ हे शब्द क्रम सांगतात, एवढंच त्या नावातून कळतं. शब्द वाक्यात कोणतं काम करतोय ते कळत नाही. ‘रेड’ हा रंगाचा शब्द आहे हे खरं, पण ‘अ रेड सारी’मध्ये तो ॲडजेक्टिव्ह असतो आणि ‘रेड सूट्स यू’मध्ये नाउन. रंगाचा शब्द म्हणून त्याचा वेगळा पार्ट ऑफ स्पीच होत नाही, तसाच क्रमाच्या शब्दाचाही नाही. शाळेत शिकवतात त्या आठांच्या यादीत ‘ऑर्डिनल’ नावाचा नववा खण नाही. डिक्शनऱ्या ते लेबल लावतात ते वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. मुलानं परीक्षेत नुसतं ‘ऑर्डिनल नंबर’ लिहिलं तर ते खोटं नाही, पण प्रश्नाचं उत्तरही नाही.

आता तुमचं ॲडजेक्टिव्ह. यामागं मोठी परंपरा उभी आहे. आपल्या शाळेच्या मराठी व्याकरणात ‘दुसरा’, ‘पाचवा’ हे क्रमवाचक संख्याविशेषण म्हणून शिकवतात. इंग्रजीच्या बाजूनं पाहिलं तर आपल्याकडं घरोघरी फळीवर असलेल्या रेन आणि मार्टिनच्या व्याकरणातही फर्स्ट, सेकंड हे डेफिनिट न्यूमरल ॲडजेक्टिव्ह या मथळ्याखाली, वन, टू अशा कार्डिनलच्या, म्हणजे साध्या आकड्यांच्या, शेजारीच बसवले आहेत. म्हणजे तुम्ही जे शिकलात तेच शिकवलंत, आणि त्यात जुनाट असं काही नाही. कॉम्प्युटरला इंग्रजी वाक्यं वाचायला शिकवण्यासाठी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९० च्या सुमारास शब्दाशब्दाला लेबल लावण्याचं मोठं काम झालं, त्याला पेन ट्रीबँक म्हणतात. तिथं वन, टू, थ्रीसाठी स्वतंत्र लेबल ठेवलं, पण फर्स्ट, सेकंड, थर्ड सरळ ॲडजेक्टिव्हच्या लेबलाखाली घातले. त्या वडिलांना नवं शास्त्र हवं असेल तर हेही नवंच आहे.

मग डिटरमिनर कुठून आला? रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९८५ साली इंग्रजीचं जे जाडजूड व्याकरण काढलं, त्यात नाउनच्या आधी येणाऱ्या शब्दांच्या जागा ठरवून दाखवल्या. सर्वांत पुढं ऑल, बोथ, हाफ. त्यांच्यामागं द, अ, माय, धिस. त्यानंतर फर्स्ट, सेकंड. मग टू, थ्री. आणि हे सगळे बसले की मगच बिग, ओल्ड, रेड असली खरीखुरी विशेषणं. म्हणून ‘माय फर्स्ट टू लाँग लेटर्स’ म्हणतात. ‘लाँग फर्स्ट माय टू’ असं कुणी म्हणणार नाही. या तिसऱ्या-चौथ्या जागेवरच्यांना क्वर्क मंडळींनी पोस्टडिटरमिनर म्हटलं. शाळेत ‘पोस्ट’ गळून गेलं आणि डिटरमिनर उरलं. सीबीएसईच्या अभ्यासक्रमात डिटरमिनर हा स्वतंत्र भाग असतो, म्हणून त्या मुलांच्या घरात हा शब्द ऐकू येतो आणि स्टेट बोर्डाच्या घरात तेवढा येत नाही. तुमच्या बॅचला दोन्ही बसतात, म्हणून भांडण तुमच्या दारात आलं.

या नव्या वाटणीला कारणही आहे. बिगचं बिगर, बिगेस्ट होतं. सेकंडचं सेकंडर, सेकंडेस्ट होत नाही. विशेषणांची जागा थोडी इकडंतिकडं सरकते, ऑर्डिनल मात्र आपली जागा सहसा सोडत नाही. आणखी एक गोष्ट मला या वाटणीत आवडते: तिथं नेक्स्ट आणि लास्ट हेही फर्स्ट, सेकंडच्या पंगतीला बसतात, आकडा नसला तरी. २००८ च्या नोव्हेंबरात नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी झाली, ती मुलांच्या आईवडिलांना आठवत असेल. इंग्रजीत सांगायचं तर ‘द फोर्थ टेस्ट ऑफ द सिरीज वॉज गांगुलीज लास्ट टेस्ट’. फोर्थ आणि लास्ट, दोघांची जागा तीच, काम तेच. क्रिकेटवेड्या पोरांना हे वाक्य द्या, डिटरमिनरचा अर्धा धडा तिथंच होईल.

तेव्हा ‘द सेकंड प्राइझ’साठी तुमच्या वर्कशीटवर ॲडजेक्टिव्ह आणि डिटरमिनर दोन्हींना पूर्ण मार्क द्या. शाळेच्या पेपरात मात्र त्या त्या शाळेचं पुस्तक जो शब्द वापरतं तोच लिहायला सांगा. त्यात लबाडी नाही. आठ खणांची वाटणी काही आकाशातून पडलेली नाही. खुद्द ॲडजेक्टिव्ह कित्येक शतकं नाउनच्याच पोटात मोजलं जात होतं. इंग्रजीच्या व्याकरणांत त्याचा संसार वेगळा झाला तो अठराव्या शतकात. सीमा हलत आल्या आहेत, पुढंही हलतील. सातवीच्या पोरानं त्यापायी एक मार्क का गमवावा?

आता ती पोरगी. ‘ही केम सेकंड’. तिला शाबासकी द्या, कारण तिनं शब्दाकडं न पाहता त्याच्या शेजाऱ्यांकडं पाहिलं. पुढं नाउन नाही, मग सेकंड कुणाला चिकटला? ‘केम’ला. कितव्या क्रमांकानं आला, ते सांगतोय. क्रियेबद्दल सांगतोय म्हणून तो ॲडव्हर्ब. शिकणाऱ्यांसाठीच्या बहुतेक डिक्शनऱ्या फर्स्ट आणि सेकंडच्या नोंदीत ॲडव्हर्ब म्हणून शर्यतीचीच उदाहरणं देतात. ‘शी फिनिश्ड थर्ड’, ‘ही स्टुड फर्स्ट इन द क्लास’ हे त्याच घरातले. पण क्रियापद बदलून ‘ही वॉज सेकंड’ केलं की सेकंड ‘ही’बद्दल बोलू लागतो, जसं ‘ही वॉज टायर्ड’मध्ये टायर्ड बोलतो. तिथं नाउन पुढं नसूनही ॲडजेक्टिव्हच. विशेषण नाउनच्या आधी येतं तसं ‘वॉज’च्या नंतरही येतं, हे मुलांना बहुधा कुणी सांगितलेलं नसतं, आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. तिच्या प्रश्नाचं मूळ तेच आहे.

थोडं प्रामाणिकपणे सांगायचं तर ‘केम सेकंड’वर व्याकरणवाल्यांतही दुमत आहे. काहींना वाटतं की हा ‘ही केम होम टायर्ड’मधल्या टायर्डसारखा, म्हणजे येणाऱ्याचं वर्णन करणारा आहे. हा वाद तुम्ही मनात ठेवा, सातवीच्या फळ्यावर नको. तिथं ॲडव्हर्ब पुरे.

तुमच्या बॅचसाठी एक वाक्य मी मुद्दाम आपल्या शहरावरून केलं आहे: ‘नागपूर इज द सेकंड कॅपिटल ऑफ महाराष्ट्र अँड इट्स थर्ड लार्जेस्ट सिटी’. माहिती खरी आहे. १९५३ च्या नागपूर करारामुळं विधिमंडळाचं एक अधिवेशन इथं भरतं आणि आपण उपराजधानी म्हणवतो. लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई, पुण्यानंतर आपलाच नंबर, साधारण २४ लाख. आता दोन ऑर्डिनल पाहा. सेकंड थेट ‘कॅपिटल’ला चिकटला आहे, म्हणून ॲडजेक्टिव्ह किंवा डिटरमिनर, ज्याला जे म्हणायचं ते. पण थर्ड ‘सिटी’ला चिकटलेला नाही. ‘लार्जेस्ट’ खोडून पाहा: ‘इट्स थर्ड सिटी’ उरतं. आकारानं तिसरं, की वसलं तिसरं, की कुणाच्या दौऱ्यातलं तिसरं? मूळ अर्थ गेला. म्हणजे थर्ड हा ‘लार्जेस्ट’ला बांधलेला होता, आणि ॲडजेक्टिव्हला बांधला जाणारा शब्द ॲडव्हर्ब ठरतो. पुष्कळजण मध्ये छोटी रेघ देऊन ‘थर्ड-लार्जेस्ट’ हा सबंध एकच ॲडजेक्टिव्ह धरतात, तेही चालतं. नाउनच्या आधी दिसला की ॲडजेक्टिव्ह, असं डोळे मिटून लिहिणाऱ्या पोरांना हे वाक्य बरोबर पकडतं.

तारखांकडंही एकदा वळा. १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख नागपुरात कुणाला पाठ करावी लागत नाही. लिहिताना आकडा साधाच, पण वाचताना इंग्रजीत ‘द फोर्टीन्थ ऑफ ऑक्टोबर’. ‘फोर्टीन्थ’च्या आधी ‘द’, नंतर ‘ऑफ’, आणि ‘डे’ कुठंच नाही. जिथं नाउन बसायला हवा तिथं ऑर्डिनल स्वतःच बसला आहे, म्हणून इथं तो नाउनचं काम करतो. महाराष्ट्र दिनाचं ‘द फर्स्ट ऑफ मे’ तसंच. अपूर्णांकांत तर पुरावाच मिळतो: ‘टू-थर्ड्स ऑफ द क्लास’. इंग्रजीत ॲडजेक्टिव्हला अनेकवचनाचा एस लागत नाही. थर्डला लागला, म्हणजे तो नाउन झाला. ‘टू गर्ल्स स्पोक. द सेकंड वॉज बेटर’ अशा वाक्यात मात्र ‘गर्ल’ फक्त मनात ठेवली आहे. तिथं काही शिक्षक प्रोनाउन म्हणतील, काही नाउनसारखा वापरलेला ॲडजेक्टिव्ह म्हणतील. त्यावर मार्क ठेवूच नका.

आणि ग्रुपवरच्या पालकांना गंमत म्हणून सांगा की सेकंड हा क्रियापदही आहे. ज्यांच्या सोसायटीची वार्षिक सभा होते त्यांना हे ठाऊक असतं. एकजण ठराव मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, आणि इंग्रजी इतिवृत्तात ‘सेकंडेड बाय’ लिहून पुढं नाव येतं. ‘आय सेकंड द मोशन’मध्ये सेकंड सरळ व्हर्ब आहे, ईडी लागून भूतकाळात जाणारा. फर्स्ट आणि थर्डला हे भाग्य नाही.

म्हणून ताई, वर्कशीटमध्ये एक बदल कराच. ‘सेकंड’चा पार्ट ऑफ स्पीच कोणता, असा सुटा प्रश्न कधी ठेवू नका, आणि बाजारच्या छापील वर्कशीटमध्ये तसा आला तर तो वगळा. असले प्रश्न काढणाऱ्यांनी उत्तरसूची आधी लिहिलेली असते आणि भाषा नंतर आठवते, असं माझं मत आहे. त्याऐवजी तोच शब्द चार वाक्यांत द्या: बक्षिसाचं, शर्यतीचं, तारखेचं, सभेच्या ठरावाचं. मुलांना पेन्सिलनं बाण काढू द्या, शब्द कुणाकडं बोट दाखवतोय ते. बाण नाउनकडं गेला तर एक उत्तर, व्हर्बकडं गेला तर दुसरं, आणि बाण जायला जागाच नसेल तर शब्द स्वतःच नाउन किंवा व्हर्ब होऊन बसला आहे का ते बघायचं.

बोलण्यातली एक सवयही याच धड्यात सुधारता येईल. आपल्याकडं सर्रास ‘माय सन इज इन टेन्थ’ म्हणतात, कारण मराठीत ‘तो दहावीत आहे’ एवढ्यावर वाक्य पूर्ण होतं. घरी चालू द्या. पेपरात मात्र ‘इन द टेन्थ स्टँडर्ड’ किंवा ‘इन क्लास टेन’ लिहायला लावा. नाउन नंतर येत असेल तर ऑर्डिनल आणि ‘द’. नाउन आधी येत असेल तर साधा आकडा आणि ‘द’ नाही. ‘द थर्ड चॅप्टर’, पण ‘चॅप्टर थ्री’. ‘अ सेकंड चान्स’मध्ये ‘द’च्या जागी ‘अ’ येतो तेव्हा अर्थ ‘आणखी एक’ असा होतो, हे हुशार मुलांना सांगून ठेवा. स्पेलिंगवर फार वेळ घालवू नका: नाइन्थमधून ई जातो, फिफ्थ आणि ट्वेल्फ्थमध्ये व्हीचा एफ होतो, एट्थला नुसता एच लागतो. बस.

आता ते वडील. ग्रुपवर वाद घालू नका. तिथं बाकीचे पालक वाचत असतात, आणि एकदा चारचौघांत ताणलं की माघार कुणालाच घेता येत नाही. त्यांना वेगळा फोन करा, दुपारच्या निवांत वेळी. आवाज नरम ठेवा आणि सुरुवात त्यांच्या बाजूनं करा: “दादा, तुम्ही डिटरमिनर म्हणालात ते बरोबर आहे, सीबीएसईत तसंच शिकवतात. स्टेट बोर्डाची मुलं ॲडजेक्टिव्ह शिकतात, म्हणून मी ते सांगितलं. यापुढं दोन्ही सांगीन, तुमच्या मुलाला त्याच्या पुस्तकाप्रमाणंच लिहायला सांगीन.” मग त्यांच्या परवानगीनं ग्रुपवर दोन ओळी टाका, की दोन्ही उत्तरांना पूर्ण मार्क दिले आहेत आणि कारण वर्गात समजावलं आहे. त्यांना मान मिळाला की बहुधा भाषा बदलते. तरीही त्यांनी मुलाला काढलंच, तर एका शब्दावरून शिकवणी बदलणारे उद्या दुसऱ्या शब्दावरूनही बदलतील. जाऊ द्या. फी कमी करून थांबवायचा प्रयत्न तर मुळीच करू नका.

राहिलं फर्स्ट की फर्स्टली. दोन्ही ॲडव्हर्ब, दोन्ही बरोबर. निबंधात मुद्दे मांडताना मी ‘फर्स्ट, सेकंड, थर्ड’ सुचवीन. ‘फर्स्टली, सेकंडली’ चालतं, पण पाचव्या-सहाव्या मुद्द्याला ‘फिफ्थली, सिक्स्थली’ म्हणताना जीभ अडखळते. एका निबंधात एकच पद्धत ठेवा. यापेक्षा जास्त लक्ष ‘ॲट फर्स्ट’कडं द्या, कारण मुलं त्याला ‘फर्स्ट’चाच मोठा भाऊ समजतात. ‘ॲट फर्स्ट आय फाउंड द सावजी करी टू हॉट’ म्हटलं की ऐकणारा पुढं काय बदललं त्याची वाट पाहतो: नंतर सवय झाली, नंतर आवडायला लागली. पाककृतीतल्या पहिल्या पायरीला ते चालत नाही, तिथं ‘फर्स्ट, ग्राइंड द मसाला’. ‘माय डेली रूटीन’च्या निबंधात कुणी ‘ॲट फर्स्ट आय ब्रश माय टीथ’ लिहिलं असेल, आणि बॅचमध्ये दोघातिघांनी तरी लिहिलेलं असणारच, तर लाल पेनानं फक्त ‘ॲट’ खोडा. बाकी वाक्य बरोबर आहे.